जायकवाडीच्या टक्केवारीशेजारी आमच्या गाड्यांचीही टक्केवारी छापा

मराठवाड्यातले तालुका प्रतिनिधी, जिल्हा वार्ताहर आणि त्यांच्या बातम्या पानात बसवणारे उपसंपादक यांना एका अपडाऊनवालीचं खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

रीतीप्रमाणे हे पत्र आगारप्रमुखांना जायला हवं, नाहीतर परिवहनमंत्र्यांना. पण त्यांच्याकडं निवेदनांचा तोटा नाही. निवेदन देतानाचा फोटो तुम्हीच छापता. त्यात एका कागदाला आठ जणांनी हात लावलेला असतो, खाली आठही नावं असतात, आणि कागदात काय लिहिलं होतं ते दीड ओळीत उरकलेलं असतं. म्हणून या खेपेला थेट तुम्हालाच लिहिते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात कामाला आहे आणि रोज एसटीनं अपडाऊन करते. गावाचं आणि आगाराचं नाव मुद्दामच देत नाही. दिलं तर त्या एका आगाराची चौकट छापून येईल, तिच्याखाली ‘माहिती घेऊन सांगतो’ असा साहेबांचा खुलासा येईल आणि विषय मिटेल. पाटोद्यापासून किनवटपर्यंत कुठल्याही फाट्यावर सकाळी उभं राहून बघा, माझ्यासारख्या चार जणी भेटतीलच.

गाड्यांच्या बातम्या तुम्ही देत नाही असं मी म्हणत नाही. भरपूर देता. आगारात नव्या गाड्या आल्या की नारळ, हार, हिरवा झेंडा आणि स्टिअरिंगवर बसलेले आमदार हे सगळं रंगीत येतं. खाली ठरलेलं वाक्य असतं: प्रवाशांमधून समाधान व्यक्त होत आहे. त्या दिवशी मी तिथंच फलाटावर उभी होते हो, मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उलट दोन गोष्टी विचारल्या असत्या. याच वर्षात आगारातल्या किती गाड्या भंगारात गेल्या? आणि या नव्या कुठल्या मार्गावर धावणार? उत्तर आम्हाला ठाऊक असतं. नवी गाडी पुण्याच्या मार्गावर जाते आणि पुण्याची थकलेली गाडी खेड्याच्या फेरीला लागते. लांब पल्ल्याला उत्पन्न जास्त, शिवाय तिथं खासगी ट्रॅव्हल्सशी स्पर्धा, हे मलाही कळतं. पण मग तसं छापा ना. पाच गाड्या आल्या, सात गेल्या, खेड्यांच्या वाट्याला एकही नाही, एवढ्या एका वाक्याची बातमी होते.

आता मुक्कामी गाडीचं सांगते, कारण सगळं दुखणं तिथून सुरू होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी (तुमच्यातले बरेच जण आता जिल्ह्याच्या गावीच वाढलेले असतात) सांगायचं तर, ही गाडी रात्री शेवटच्या फेरीला गावात यायची आणि पारावर नाहीतर शाळेपुढं उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत, मारुतीच्या सभामंडपात, नाहीतर गाडीतल्याच बाकड्यावर झोपायचे, पैशाची थैली उशाला घेऊन. पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की गाव उठायचं. त्या गाडीनं दुधाचे कॅन जायचे, सातच्या तासाला पोचायची पोरं-पोरी जायची, बांधकामावर जाणारे गवंडी जायचे, आणि सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत वेळेवर उभं राहायचं असलेली म्हातारी माणसं जायची. तुमच्या वर्तमानपत्राचे गठ्ठेसुद्धा जिल्ह्याहून एसटीच्याच टपावर येत होते. तुमचा पेपर आमच्या गावात पोचला तो लाल गाडीनं, हे तुमच्या जुन्या वितरकाला विचारून बघा.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. सरकारमध्ये विलीनीकरण करा ही कामगारांची मागणी होती. ती बरोबर की चूक यात मी पडत नाही. कंडक्टरचा पगार किती आणि त्यांच्या घरात काय चालू होतं, हे आम्हा रोजच्या प्रवाशांना त्यांच्याच तोंडून कळलेलं होतं. संप मिटला आणि तुम्ही सगळ्यांनी छापलं, ‘एसटी पूर्वपदावर’. आमच्या गावची मुक्कामी गाडी त्या पूर्वपदावर काही आली नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून गावानं वाट पाहिली. ‘ड्रायव्हर कमी आहेत’, मग ‘रस्ता खराब आहे’, मग ‘मुक्कामाला सोय नाही’ अशी कारणं ऐकली. कुणी आदेश काढून ती बंद केली असं नाही. ती नुसती यायची थांबली. तिच्या नावानं झेंडा नाही, कार्यक्रम नाही, म्हणून तिची बातमीही नाही.

आता पहिली गाडी आगारातून निघून गावात येते तेव्हा ऊन चढलेलं असतं. तीही आली तर. मला दुकानात पोचायला उशीर झाला की अर्धा खाडा पडतो. माझं एक वेळ चालून जाईल. शेजारची पोर अकरावीला होती, तिचे सकाळचे तास बुडायला लागले तसं घरच्यांनी तिला शिवणकामाला बसवलं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, आणि २०२५ च्या जूनपासून पास शाळेतच मिळायला लागले, हे तुम्ही छापलंत. चांगलंच झालं. तिच्याही दप्तरात पास होता. मानव विकासच्या, म्हणजे मुलींना शाळेत नेण्यासाठीच्या सरकारी योजनेतल्या, गाड्यांचंही तसंच. त्या शाळेच्या दिवसांपुरत्या. ज्या गावाला तीच एक गाडी आहे, त्या गावानं दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करायचं? सुट्टीत माणसं आजारी पडत नाहीत की लग्नकार्याला जात नाहीत?

माझी मागणी एकच आहे आणि ती तुमच्याच पेपरातून सुचलेली आहे. पावसाळा लागला की तुम्ही जायकवाडीची टक्केवारी रोज छापता. नाथसागरात साठा किती, आवक किती क्युसेक, दरवाजे किती फुटांनी उघडले. मांजरा, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर सगळी धरणं येतात. आमच्या गावातला कधी पैठणला न गेलेला माणूससुद्धा आज किती टक्के झालं ते सांगतो, आणि त्या आकड्यावरून रब्बीचा अंदाज बांधतो. आकडा रोज डोळ्यांपुढं असतो म्हणून पाटबंधारेवाल्यालाही रोज उत्तर द्यावं लागतं. तशीच एक चौकट आमच्या गाड्यांची करा. आगाराचं नाव, काल किती फेऱ्या ठरलेल्या होत्या, किती झाल्या, किती रद्द आणि कशामुळे. चार रकाने. सोयाबीन, तूर, कापूस यांच्या भावांना तुम्ही याहून जास्त जागा देता.

हा आकडा आणायला कुठं लांब जायला नको. प्रत्येक आगारात रोजचा हिशेब होतोच. किती किलोमीटर चालवायचे होते, किती चालले, किती रद्द झाले, कारण काय: चालक नाही, गाडी वर्कशॉपात, वाटेत ब्रेकडाउन. हा हिशेब वर विभागाला जातो, तिथून मुंबईला जातो. वाटेत फक्त प्रवासी लागत नाही. खिडकीतले कंट्रोलरसाहेब म्हणतील, आम्हाला सांगायची परवानगी नाही. तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. सार्वजनिक संस्थांनी माहिती मागायची वाट न पाहता आपण होऊन जाहीर करावी, असं ते सांगतं. हे मला औषधाच्या काउंटरमागं बसून कळतं, तर तुम्हाला नक्की माहीत असणार.

‘कशामुळे’ या रकान्यात फार काही सापडेल, बघा. सभा-मेळावे असले की गाड्या तिकडं जातात. एकदा आगारातून माणसं आणायला गाड्या गेल्या की त्या दिवशी खेड्यांच्या फेऱ्या गायब. आयोजक त्यांचं भाडं भरतात, महामंडळाला पैसे मिळतात, हिशेबाच्या दृष्टीनं गाडी चालली. तुम्ही सभेला किती गर्दी होती ते छापता. ती गर्दी ज्या गाड्यांतून आली, त्या गाड्यांची वाट बघत फाट्यावर किती माणसं थांबली होती, तेही छापा की. आषाढीचं मी यात धरत नाही. पंढरपूरला राज्यभरातून पाच हजारांवर जादा गाड्या सोडतात, त्यातली एखादी आमच्या फेरीतून गेली तरी गावात कुणी तक्रार करत नाही, कारण त्या गाडीत निम्मं गावच बसलेलं असतं.

आता तिकिटाचं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. मग २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तिन्ही बातम्या पहिल्या पानावर. भाडेवाढीच्या बातमीत पुणे किती, मुंबई किती याचा तक्ता होता. आमच्या फाट्यापासून तालुक्यापर्यंत किती टप्पे आणि आता किती पडणार, ते मात्र कंडक्टरनं तिकीट हातात ठेवलं तेव्हा कळलं. सहा किलोमीटरचा एक टप्पा असतो, आणि टप्प्याच्या थोडं पलीकडं उतरणाऱ्याला पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. हे साधं गणित एकदा तालुकावार छापलं असतं तर गाडीत रोज उडणारी भांडणं निम्मी झाली असती.

अर्ध्या तिकिटावर तुम्ही बायकांची गर्दी, बायकांची गर्दी म्हणून फोटो छापले, खिडकीतून रुमाल टाकतानाचे. गर्दी बायकांमुळं झाली की गाड्या कमी असल्यामुळं, हे कुणी तपासलं? सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं. म्हणजे आमच्या तिकिटाचं उरलेलं अर्धं कुणीतरी भरतंच. आम्ही फुकटे नाही. आणि नसलेल्या गाडीचं अर्धं तिकीट घेऊन करायचं काय? मग काळीपिवळी आहेच. तिथं सवलत नाही, पाय ठेवायला जागा नाही, आणि बाईमाणसाला कुठं बसवायचं ते ड्रायव्हर ठरवतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर त्या जीपमधून येणं काय असतं, ते एखाद्या महिला पत्रकारानं फोटोग्राफर न घेता येऊन बघावं.

२०२५ च्या जूनमध्ये महामंडळाची श्वेतपत्रिका निघाली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर, हे सगळ्यांनी मोठ्या अक्षरात छापलं. तो आकडा वाचून मला एकच कळलं, की आता आणखी फेऱ्या कमी होणार. आमचं आगार त्यात कुठं बसतं, आमची फेरी खरंच तोट्यात आहे का, की तिची वेळच अशी ठेवली आहे की कुणी बसूच नये, हे शोधायला मुंबईचा वार्ताहर येणार नाही. ते तुमचं काम आहे. दुपारी अडीचला रिकामी येणारी गाडी दाखवून ‘प्रतिसाद नाही’ म्हणायचं आणि पहाटेची गाडी बंद ठेवायची, हा खेळ आम्ही बरीच वर्षं बघतोय.

रेल्वेवरही थोडं लिहिते. बीडला रेल्वे आली याचा आनंद मला तुमच्याइतकाच झाला. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि बीडपर्यंत गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. आमच्या गावातली म्हातारी माणसं नुसती रेल्वे बघायला बीडला गेली होती. तीस वर्षं ज्यांनी आंदोलनं केली त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्ही छापलं, आणि ते छापण्यासारखंच होतं. पण दुसऱ्या दिवसापासूनचं काय? सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात गाडी सकाळी अहिल्यानगरहून निघून दुपारी बीडला यायची आणि लगेच परत फिरून संध्याकाळी अहिल्यानगरला पोचायची. म्हणजे नगरच्या माणसाला बीडच्या फलाटावर चहा पिऊन घरी जाता यायचं. बीडच्या माणसाला नगरच्या दवाखान्यात दाखवून यायचं तर मुक्काम पडायचा. ही वेळ कुणी ठरवली, बीडला रात्री रेक उभा करायला अडचण काय, स्टेशनातून बसस्थानकाला जायला काय आहे, हे झेंड्याच्या दिवशी विचारलं असतं तर मंत्री समोरच उभे होते.

वंदे भारतचंही असंच. जालन्याहून मुंबईची गाडी ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, पहाटे निघून दुपार व्हायच्या आत मुंबईत. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. नांदेडकरांचं भलं झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण पहाटे पाचला नांदेडहून निघालेली गाडी मुंबईत पोचते दुपारी दोन वाजून गेल्यावर, तेव्हा मंत्रालयातलं काम त्या दिवशी होतं का, हे जालन्याच्या माणसाला विचारा. छत्रपती संभाजीनगर ते परभणी हा १७७ किलोमीटरचा मार्ग दुहेरी करायला ३१ जुलै २०२५ ला केंद्रानं मंजुरी दिली. तोवर एका रुळावरची पॅसेंजर क्रॉसिंगसाठी कुठल्याशा छोट्या स्टेशनात उभी राहते आणि मागून आलेली एक्स्प्रेस तिला ओलांडून निघून जाते. या दुहेरीकरणाचं काम महिन्याला किती किलोमीटर पुढं सरकलं, तेही धरणाच्या साठ्यासारखं छापत चला. बीडचा मार्ग तीस वर्षं रखडला तेव्हा असा आकडा समोर असता, तर दर निवडणुकीला त्याच रेल्वेचं नव्यानं आश्वासन देणं पुढाऱ्यांना इतकं सोपं गेलं नसतं.

हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्येच २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. एसटीची पहिली गाडी पुणे–नगर धावली ती १ जून १९४८ ला, तेव्हा मराठवाडा अजून निजामातच होता. आमच्याकडची सेवा एसटी महामंडळात मिसळली ती १९६१ मध्ये. एसटीच्या वर्धापनदिनाला तुम्ही पुणे–नगरची गोष्ट दरवर्षी छापता. एखाद्या वर्षी हीही छापा. सरकारी गाडी ही आम्हाला कुणी नंतर केलेली मेहेरबानी नव्हे, एवढं तरी नव्या पोरांना कळेल.

आणि एक विनंती, ड्रायव्हर-कंडक्टरांबद्दल. गाडी उशिरा आली की पहिली शिवी त्यांना बसते. तुमच्या बातमीतही ‘वाहकाची अरेरावी’ लवकर येते. मी बघते तेव्हा तोच ड्रायव्हर सकाळीही असतो आणि रात्रीही असतो, वायपर बंद पडलेली गाडी पावसात चालवतो, आणि खिडकीची काच नसलेल्या सीटवर भिजणाऱ्या बाईला स्वतःचं टॉवेल देतो. रद्द फेरीचं कारण रोज छापून येऊ लागलं की ‘चालक नाही’ आणि ‘चालकाला यायचं नव्हतं’ यातला फरक लोकांना आपोआप दिसेल. हा फायदा त्यांचाही आहे.

माझ्याकडून काय हवं तर सांगते. आम्हा अपडाऊनवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. शिक्षक आहेत, नर्सबाई आहेत, कोर्टातले कारकून आहेत, कॉलेजची पोरं आहेत. आगारातून गाडी निघाली की तिथं बसलेला कुणीतरी टाकतो, ‘निघाली’. रद्द झाली की, ‘नाही आज’. महामंडळ जे सांगत नाही, ते आम्ही एकमेकांना सांगतो. त्यातले जुने मेसेज काढले तरी तुमच्या चौकटीला कित्येक महिन्यांचा माल निघेल. तारखेनिशी आहे सगळं. नावं गाळून मी ते वहीत उतरवायला सुरुवात केली आहे, पाहिजे त्याला दाखवीन.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल, तर एखाद्या बाजाराच्या दिवशी दुपारी चारनंतर आपल्या तालुक्याच्या बसस्थानकावर या. त्या वेळी शाळा-कॉलेजं सुटलेली असतात आणि बाजार उठलेला असतो. कंट्रोलरच्या खिडकीवर विचारा, आज सकाळपासून कुठल्या फेऱ्या गेल्या नाहीत. त्यांनी नाही सांगितलं तर मागं वळून बाकड्यावर बसलेल्यांना विचारा.

कळावे,
आपली,
रोज अपडाऊन करणारी एक वाचक
जिल्हा बीड